झोपेच्या वेळी जागे होणारे पाय



झोप न येण्याची कारणं आम्हा कवींना फार ठाऊक असतात. विरह, चिंता, डोक्यावरचं कर्ज, पोरीचं लग्न, खिडकीतलं चांदणं. या सगळ्यांवर आम्ही भरपूर शाई खर्च केली आहे. पण डोळे मिटताहेत, मनात काही काळजी नाही आणि तरीही पाय झोपू देत नाहीत, या तक्रारीकडे आमचं लक्ष गेलेलं नाही. आज मी त्या पायांबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा नागपूरचा माणूस आहे. पण गेली काही वर्षं हा आजार माझ्या पायांत मुक्कामाला आला आहे आणि जो पाहुणा जाण्याचं नाव घेत नाही, त्याची नीट ओळख करून घ्यावी लागते. ती ओळख तुम्हालाही करून द्यावी, एवढाच या बोलण्याचा हेतू.

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणू. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ साली त्याचं वर्णन लॅटिन भाषेत लिहून ठेवलं. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. त्याने लिहिलं होतं त्याचा आशय असा की, या रोग्यांना अंथरुणावर पडणं म्हणजे छळाच्या चौकटीवर ताणून बांधल्यासारखं होतं. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षं फारसं काही घडलं नाही. १९४५ साली स्वीडनमधले मेंदुविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी या रोगावर सविस्तर पुस्तक लिहिलं आणि त्याला आजचं नाव दिलं. म्हणून त्याला विलिस-एकबोम आजार असंही म्हणतात.

त्याच्या खुणा चार आहेत. पहिली, पाय हलवावेत अशी अनावर इच्छा होते आणि बहुतेक वेळा पायांत आतून काहीतरी चाललं आहे असं वाटतं. दुसरी, हे सगळं स्वस्थ बसलं किंवा पडलं की सुरू होतं. तिसरी, उठून चाललं, पाय झाडले, ताणले की बरं वाटतं, निदान चालत असेपर्यंत. आणि चौथी, संध्याकाळी आणि रात्री त्रास वाढतो. या चारही गोष्टी असतील आणि त्या पेटक्यांमुळे, सुजेमुळे किंवा अवघडून बसल्यामुळे होत नसतील, तर डॉक्टर या आजाराचं निदान करतात.

आता गंमत बघा. हा आजार आहे की नाही, हे नक्की सांगणारी रक्ताची तपासणी नाही. एक्स-रेत तो दिसत नाही. पाय तपासले तर पाय ठणठणीत. निदान होतं ते रोग्याच्या शब्दांवरून. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. कारण या संवेदनेला आपल्याकडे नाव नाही. कुणी म्हणतं, पोटऱ्या ओढतात. कुणी म्हणतं, हाडांत वळवळतं. कुणी म्हणतं, मुंग्या चालतात. कुणी म्हणतं, आतून खाजवतं पण खाजवता येत नाही. शेवटी थकून माणूस म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, पाय दुखतात.’ आणि दुखतात म्हटलं की वेदनाशामक गोळी मिळते. पाय तर दुखत नसतात! मला स्वतःला ‘वयाचं आहे’ आणि ‘विचार कमी करा’ असे दोन सल्ले दोन ठिकाणी मिळाले. कवीला विचार कमी करायला सांगणं, म्हणजे विणकराला सूत कमी वापरायला सांगणं. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र खुर्ची ओढून विचारलं, ‘पाय हलवले की बरं वाटतं का?’ त्या एका प्रश्नाने निदान झालं.

हा त्रास दिसायला किरकोळ, भोगायला मोठा. कविसंमेलनाच्या मंचावर मांडी घालून दोन तास बसायचं असतं. समोर रसिक, शेजारी अध्यक्ष. रात्रीचे दहा वाजले की माझ्या पोटऱ्यांत कुणीतरी रहाट फिरवू लागतं. पाय हलवला तर अध्यक्षांना वाटतं, कविता आवडत नाही. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मधला बर्थ मिळाला तर बडनेऱ्याच्या आधीच खाली उतरावं लागतं आणि पुढची रात्र डब्याच्या दाराजवळ उभं राहून जाते. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात सारं घर झोपलेलं असतं आणि आपण रात्री दोन वाजता गच्चीवर येरझारा घालतो. गल्लीतला चौकीदारही ओळखीचा होतो. झोप मोडली की दुसरा दिवस मोडतो. चिडचिड होते, कामात चूक होते, गाडी चालवताना डुलकी लागते. शेजारी झोपणाऱ्याची रात्रही मोडते, कारण या आजाराच्या बहुतेक रोग्यांचे पाय झोपेतही ठराविक अंतराने झटके देत राहतात.

त्यात आपल्या संस्काराची भर. बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं शेजारच्या काकू म्हणायच्या. आमच्या घरी अम्मी त्यालाच नहूसत म्हणायची. दोन्ही घरांत टपली मात्र सारखीच बसायची. ज्या मुलाला पाय हलवल्याशिवाय बसवतच नाही, त्याची कुणी चौकशी करत नसे. हा आजार मुलांनाही होतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो, हे आता माहीत झालं आहे.

आता आपल्या आजच्या विषयाकडे येतो. गोळी न घेता, एखाद्या साधनाने किंवा यंत्राने हे पाय शांत करता येतात का?

साधनं तर आपल्या घरांत पूर्वीपासून आहेत. अम्मी रात्री जुनी ओढणी घेऊन पोटऱ्यांना घट्ट गुंडाळायची. कुणाच्या घरी पंचा, कुणाच्या घरी लुगड्याचा काठ. नातवंडांना पायांवर उभं करून ‘चाल जरा’ म्हणणारे आजोबा तुम्हीही पाहिले असतील. गार फरशीवर तळवे टेकवणं, कूलरच्या पाण्यात पाय बुडवणं, गरम पाण्याची पिशवी. आणि काशाची वाटी. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाची वाटी घासायची, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. आता तर त्याची विजेवर फिरणारी थाळी निघाली आहे. प्रदर्शनांत, जत्रांत लोक रांगेने त्यावर पाय ठेवून बसलेले असतात. थाळी काळी झाली की ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणतात. ते काळं पडणं तेल, घाम आणि धातू यांच्या घर्षणाने होतं, त्यात रोग बाहेर येत नाही. पण तळव्यांना बरं वाटतं, हे खोटं नाही.

बरं का वाटतं? पायाला दुसरी एखादी जोरदार संवेदना दिली, म्हणजे दाब, थंडी, थरथर, घासणं, की मज्जारज्जूच्या वाटेवर त्या संवेदनेची गर्दी होते आणि आतल्या वळवळीचा निरोप मेंदूपर्यंत तितक्या जोराने पोचत नाही, असं शास्त्रज्ञ समजतात. चालण्याने बरं वाटतं त्यामागेही असंच काही असावं. परदेशात जी यंत्रं निघाली, ती अम्मीच्या ओढणीचीच नातवंडं आहेत. फरक एवढाच की, त्यांची परीक्षा घेतली गेली.

ही परीक्षा कशी घेतात, ते समजून घेण्यासारखं आहे. अर्ध्या रोग्यांना खरं यंत्र देतात आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं, पण काम न करणारं लुटुपुटीचं यंत्र. कुणाकडे कोणतं आहे, हे रोग्याला सांगत नाहीत. कारण या आजारात नुसत्या आशेनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणून खऱ्या यंत्राने लुटुपुटीच्या यंत्रापेक्षा किती जास्त फायदा झाला, तेवढाच त्याचा खरा फायदा धरायचा.

पहिलं साधन हवेच्या दाबाचं. पायांभोवती पट्टे गुंडाळतात, त्यांत पंपाने हवा भरते आणि सुटते. शस्त्रक्रियेनंतर पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मोठ्या रुग्णालयांत जे वापरतात, तेच. २००९ साली ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोगी फक्त ३५. रोज त्रास सुरू होण्याच्या आधी किमान तासभर असं महिनाभर वापरलं. खऱ्या दाबाच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांचा त्रास पूर्ण थांबला, लुटुपुटीच्या गटात कुणाचाच नाही. आकडा आशादायक, पण ३५ माणसं म्हणजे एका एसटीतही जागा उरेल.

दुसरं साधन थरथरणारी गादी. पायांखाली ठेवायची, ती सुमारे अर्धा तास थरथरते आणि हळूहळू शांत होते. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. अभ्यासात झोप सुधारल्याचं रोग्यांनी सांगितलं, पण पायांचा त्रास लुटुपुटीच्या गादीपेक्षा विशेष कमी झाल्याचं दिसलं नाही. तिसरं साधन तळपायाच्या दोन स्नायूंवर नेमका दाब देणारा पट्टा. २०१६ साली त्याचा एक अभ्यास आला. निकाल छान होते, पण त्यात तुलनेसाठी लुटुपुटीचा पट्टाच नव्हता. त्यामुळे फायदा पट्ट्याचा किती आणि आशेचा किती, हे वेगळं करता येत नाही. पायांवर अवरक्त प्रकाश टाकणं, डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देणं, असेही प्रयोग झाले आहेत. ते अजून छोटे आहेत.

चौथं यंत्र मात्र थोडं थांबून पाहावं असं आहे. अमेरिकेतल्या नॉक्ट्रिक्स हेल्थ या कंपनीने ते तयार केलं, २०२३ साली तिथल्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली आणि त्याचं नाव आहे ‘निद्रा’. आपला शब्द! आपल्याकडे रोगाला नाव नाही आणि तिकडे यंत्राला आपलं नाव. दोन्ही पायांवर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हे पट्टे बांधायचे. तिथे हाडाच्या गाठीजवळून एक मज्जातंतू त्वचेच्या अगदी लगत जातो. पावलं वर उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूला तोच हुकूम देतो. यंत्र त्या मज्जातंतूला वेगाने विजेचे सौम्य ठोके देतं. त्यामुळे स्नायू हलक्या ताणात राहतो, पाय मात्र हलत नाही. म्हणजे मेंदूला वाटतं माणूस चालतो आहे आणि माणूस अंथरुणावर पडलेला असतो. गच्चीवरच्या येरझारा अंथरुणात आणल्या, असं म्हणा हवं तर. एका वेळी अर्धा तास.

त्याचा अभ्यास १३३ रोग्यांवर झाला. औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता किंवा औषधं सोसत नव्हती, असे हे लोक. चार आठवड्यांनी खरं यंत्र वापरणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांत ठळक सुधारणा दिसली, लुटुपुटीच्या यंत्रावर १६ टक्के लोकांत. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने २०२५ साली नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत या उपचाराची सशर्त शिफारस आहे. तिकडेही ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

यंत्रांचा एवढा शोध का, असं कुणी विचारेल. गोळ्या आहेत ना? आहेत आणि कित्येकांना त्यांनी झोप दिली आहे. पण त्यातल्या एका गटाची, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या औषधांची, एक विचित्र खोड आहे. सुरुवातीला जादूसारखा गुण येतो. काही वर्षांनी त्रास रात्रीऐवजी संध्याकाळी, मग दुपारी सुरू होतो, पायांतून हातांत चढतो. गोळी वाढवावी तसा रोग वाढतो. काही लोकांत जुगाराची, अनावर खरेदीची ओढ निर्माण झाल्याचंही नोंदलं गेलं आहे. म्हणून २०२५च्या त्या तत्त्वांत ही औषधं सरसकट देऊ नयेत असं म्हटलं आहे आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन या दुसऱ्या गटाला पुढे आणलं आहे. पण हे ऐकून कुणी आपली गोळी उद्यापासून बंद करू नका. एकदम बंद केली तर त्रास उसळून येतो. बदल डॉक्टरांनीच, हळूहळू करायचा असतो.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. कुठल्याही यंत्राच्या आधी एक साधी तपासणी येते आणि ती आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. शरीरातलं लोह. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. मेंदूत लोह कमी पडलं की हे पाय जागे होतात, असं संशोधन सांगतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, गरोदरपणात तर तो आणखी वाढतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. दिवसभर उभ्याने राबलेली बाई रात्री ‘पाय चेपून दे गं’ म्हणते, तेव्हा घरच्यांना ते श्रमाचं वाटतं. श्रमाचं असेलही. पण चेपण्याने क्षणभर बरं वाटून पुन्हा तेच होत असेल, तर तिचं लोह तपासायला हवं.

इथे एक बारकावा आहे. नुसतं हिमोग्लोबिन बघून चालत नाही. हिमोग्लोबिन बारा असूनही साठ्यातलं लोह कमी असू शकतं. त्यासाठी फेरिटिन नावाची तपासणी असते. शक्यतो सकाळी करावी. या आजारात फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र त्याहून खूप खालचा आकडाही ‘नॉर्मल’ छापलेला असतो. तेव्हा कागद घरी ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.

पण हे ऐकून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका. विशेषतः आपण विदर्भातले लोक. आपल्याकडे सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. या रोग्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं, पण वारंवार रक्त चढवलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. तिथे लोहाची गोळी म्हणजे आगीत तेल. आधी तपासणी, मग गोळी. हा क्रम बदलायचा नाही.

दुसरे लोक आहेत डायलिसिसवरचे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत हा आजार खूप दिसतो. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास यंत्राला बांधून पडायचं आणि पाय म्हणतात, ऊठ. त्यांच्या यातनेची कल्पना करा. डायलिसिस चालू असतानाच पडल्या पडल्या सायकलसारखे पाय फिरवण्याच्या व्यायामाने त्यांचा त्रास कमी झाल्याचे अभ्यास आहेत. तुमच्या घरात असा रोगी असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

घरात काय करता येईल? संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी सोडून पाहा. नागपुरात तर्री-पोह्यांवर चहा लागतोच, पण तो सकाळी घ्या. दारू आणि तंबाखू त्रास वाढवतात. सर्दीच्या काही गोळ्या, मळमळीवरची काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं यांनी हे पाय चाळवतात. आपण काय काय घेतो, त्याची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. बेताचा नियमित व्यायाम करा. आठवड्यातून तीन दिवस चालणं आणि पायांचा व्यायाम यांनी बारा आठवड्यांत फरक पडल्याचा अभ्यास आहे. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणा, चोळा. काशाची वाटी घासायला हरकत नाही. बसावंच लागलं तर डोकं गुंतवा. शब्दकोडं, हिशेब, वादावादी. मन गुंतलं की पाय थोडे विसरतात. मंचावर मी मनातल्या मनात समोरच्या कवीच्या मात्रा मोजतो. पायांना बरं वाटतं आणि कवितेचंही नीट ऐकून होतं.

आणि सावधगिरी. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांनी गरम पिशवी आणि घट्ट बांधणं दोन्ही टाळावं, भाजलेलं आणि करकचलेलं कळत नाही. पायांत गुठळी असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर दाबाचं यंत्र घातक ठरू शकतं. पेसमेकर असलेल्यांनी विजेचं कोणतंही यंत्र विचारल्याशिवाय लावू नये. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात विजेचे ठोके देणारं यंत्र असतं, तेच ‘निद्रा’चं काम करील असंही समजू नका. ठोके कुठे, किती वेगाने, यावर सगळं अवलंबून असतं.

मी स्वतः कुठे पोचलो, असं विचाराल तर लोह तपासलं, कमी निघालं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं. संध्याकाळचा चहा सुटला, तेवढं दुःख आहे. रात्री पोटऱ्यांना पट्टी गुंडाळतो. आठवड्यातल्या चार-पाच रात्री झोप लागते, उरलेल्या रात्री गच्ची आहेच. तो पूर्ण बरा होईल, असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही तुम्हाला सांगणार नाही. पण त्याला नाव आहे, कारण आहे आणि आवरायला वाटा आहेत, एवढं कळल्यावर रात्र पूर्वीइतकी लांब राहत नाही.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी रात्री उठून चालत असेल, तर त्याला ‘झोप गुमान’ म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि तिथे नुसतं ‘पाय दुखतात’ सांगू नका. चार वाक्यं सांगा. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. स्वस्थ पडलं की सुरू होतं. चाललं की थांबतं. रात्री वाढतं. ही चार वाक्यं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, गरोदर लेकी-सुनांना पाठ करून द्या. या आजारात निम्मा उपचार तिथेच सुरू होतो.

 

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)